पंखा का फिरेना?

मे महिन्यात आम्ही काही शिक्षक छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालो होतो. मोकळ्या रस्त्यावर मोटार उत्तम चालली. दौलताबादच्या जुन्या दरवाजापाशी मात्र वाहनांची रांग लागली आणि थोड्याच वेळात तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. धावताना थंड राहणारी मोटार उभी राहताच का तापावी?

इंधनातील उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा इंजिनाभोवती फिरणारे पाणी घेऊन जाते. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत वाऱ्याने निवते. मोटार वेगात असली की वारा समोरून आपोआप मिळतो. उभी असली की तो विजेच्या पंख्याने ओढावा लागतो. म्हणून पंख्याचा बिघाड गर्दीतच उघडा पडतो.

आम्ही इंजिन बंद करून ते निवू दिले. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. प्रेशर कुकरप्रमाणे आतील पाणी दाबामुळे १०० अंश सेल्सिअसच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण निघताच दाब उतरतो, पाणी एकदम उकळून अंगावर उसळते.

जवळच्या मिस्त्रीने आधी पाणी पाहिले. पातळी खाली गेली, तर उष्णतेने चालणारा स्विच कोरडा राहतो आणि त्याला पाण्याचे तापमान नीट कळत नाही. पाणी पुरेसे होते.

आता विजेचा मार्ग पाहू. पंख्याची मोटर १२० वॅटची धरली, तर १२ व्होल्टवर तिला १० अँपिअर प्रवाह लागतो. तो नाजूक स्विचमधून नेत नाहीत. पाणी सुमारे ९५ अंशांवर गेले की स्विच फक्त रिलेला थोडा प्रवाह देतो. रिले मोठा प्रवाह जोडतो. वाटेत फ्यूज असतो.

मिस्त्रीने किल्ली फिरवून स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या. पंखा फिरला! एकाच चाचणीत फ्यूज, रिले आणि मोटर निर्दोष ठरले, दोष स्विचचा. पंखा फिरला नसता, तर फ्यूज पाहायचा, तशाच दुसऱ्या रिलेची अदलाबदल करायची आणि शेवटी मोटर थेट बॅटरीला जोडायची. (संगणक-नियंत्रित नव्या मोटारींत मात्र अशा तारा जोडू नयेत. पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हातही दूर ठेवावेत.)

वर्गात सेल, बटण व दिवा यांचे मंडल करून एक दोष लपवा. विद्यार्थ्यांना विचारा: पहिली चाचणी कुठे घेतली, तर सर्वांत जास्त भाग संशयातून सुटतील?