जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन आणि कोल्हापूरचा हुन्नर

अनेक दशके वापरलेली मोटार तिच्या मूळ रूपात आणि चालत्या स्थितीत परत आणण्याच्या कामाला पुनरुज्जीवन म्हणतात. या छंदाला पैशाइतकीच कुशल हातांची गरज असल्यामुळे, राधानगरीसारख्या पावसाळी गावातील हौशी माणसाला सुमारे ५० किलोमीटरवर असलेले कोल्हापूर हे त्यासाठी अत्यंत अनुकूल ठिकाण ठरते. दसऱ्याच्या सोहळ्यात राजघराण्याची मेबॅक मोटार पाहण्यासाठी लोटणारी गर्दी या शहराचे जुन्या यंत्रांवरील प्रेम दाखवते, तर म्हादबा मेस्त्रींसारख्या कोल्हापुरी कारागिरांपासून चालत आलेली आणि उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतील लेथ व फाउंड्रीमध्ये रुजलेली परंपरा त्या प्रेमाला कौशल्याची जोड देते.

उदाहरणादाखल एम.जी. कंपनीची टी.सी. ही ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार घेता येईल. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे अशा सुमारे १०,००० मोटारी तयार झाल्या. दोन आसने, तारांची उंच चाके आणि १२५० सीसीचे इंजिन एवढाच तिचा संसार असल्यामुळे तिचा प्रत्येक भाग हाताने उघडता येतो, आणि म्हणूनच हौशी माणसाला ती शिकण्यासाठी योग्य वाटते.

तथापि या साधेपणातही खाचाखोचा आहेत. या इंजिनाच्या नट-बोल्टांची डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची असून त्यांचे आटे मात्र मेट्रिक आहेत, कारण एम.जी.ला इंजिने पुरवणाऱ्या मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला आणि तेथील मेट्रिक यंत्रसामग्री पुढेही वापरात राहिली. त्यामुळे पाना बसला म्हणून बाजारातला बोल्ट जुळेलच असे नाही, आणि तो जोर लावून फिरवल्यास मूळ आटे कायमचे खराब होतात.

न मिळणारा भाग ओतून घेतानाही अशीच सावधगिरी लागते. वितळलेला धातू थंड होताना आकसत असल्यामुळे, तुटलेला भागच वाळूत दाबून साचा केल्यास नवा भाग किंचित लहान निघतो. म्हणून जाणता कारागीर आकसण्याचा आणि यंत्रकामाचा हिशेब धरून थोडा मोठा नमुना तयार करतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीतील ओतकामगाराला हे सांगावे लागत नाही.

खरी कसोटी मात्र राधानगरीच्या पावसाची असते. टी.सी.च्या बॉडीचा सांगाडा ॲश या लाकडाचा असून त्यावर पत्रा बसवलेला असतो. पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये ओल साचली की वरून रंग चकचकीत असला तरी आतले लाकूड कुजते आणि दार खाली झुकू लागते. म्हणून इंजिन, कार्बोरेटर व गिअरबॉक्स यांचे टेबलावरचे काम पावसाळ्यात उरकून, पत्रा व रंगाचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. गाडी झाकण्यासाठीही ओल कोंडून ठेवणाऱ्या प्लास्टिकपेक्षा हवा खेळती ठेवणारे सुती आवरण चांगले.

मोटार मूळ रूपात जपण्याचा आग्रह आता कायद्यातही उतरला आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या, बिगरव्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहनांना, चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार नसल्यास, व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते; अशी वाहने प्रदर्शन, रॅली आणि देखभाल यांसारख्या कारणांसाठी रस्त्यावर आणता येतात, रोजच्या वापरासाठी नाही.

म्हणूनच भाग सुटा करण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेणे, त्यावर चिठ्ठी लावणे आणि दुरुस्त होण्याजोगा जुना भाग कधीही भंगारात न टाकणे हे या छंदाचे पहिले नियम आहेत. ते पाळणारा माणूस एका मोटारीबरोबरच ती घडवणाऱ्यांची विचारपद्धतीही जपतो, आणि तिच्यावर काम करणाऱ्या तरुण मिस्त्रीच्या हाती असे कसब देतो, जे केवळ सुटे भाग बदलून कधीच शिकता येत नाही.