आग विझल्यावर पहिला हिशेब गिऱ्हाइकाच्या गाडीचा

पुण्याच्या सदाशिव पेठेत विश्रामबागवाडा उभा आहे. १३ मे १८७९ रोजी या वाड्याला आग लावण्यात आली. त्याच वेळी पेटलेला बुधवारवाडा नामशेष झाला. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग जळाला, पण लोकवर्गणी आणि नगरपालिकेचे साहाय्य यांतून तो पुन्हा बांधला गेला.

वाड्यासाठी वर्गणी जमली. मात्र त्याच पेठेतल्या एखाद्या बोळात जुन्या गाड्यांना नवे रूप देणारे वर्कशॉप जळाले, तर मालकाने काय करायचे? हा धंदा डेंटर, पेंटर, वेल्डर, वायरमन आणि सीटकाम करणारे यांच्या हातावर चालतो. त्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

परक्याची वस्तू

२६ मार्च २०२१ च्या रात्री पुण्याच्या कॅम्पातील फॅशन स्ट्रीट जळाली. सुमारे पाचशे छोटी दुकाने खाक झाली. नुकसान भयंकर होते, पण कपड्याच्या दुकानात जळतो तो दुकानदाराचा स्वतःचा माल. गाड्यांच्या कारागिराचे तसे नाही. त्याच्या वर्कशॉपमधली सर्वांत महाग वस्तू दुसऱ्याची असते. हत्यारे, कॉम्प्रेसर आणि रंग मिळून जेवढी किंमत होईल, त्याच्या कितीतरी पट किंमत दारात उभ्या असलेल्या दोन-तीन गाड्यांची असते.

कायदा याला निक्षेप म्हणतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे ताब्यात आलेल्या वस्तूची काळजी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घ्यावी लागते. तेवढी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १५२ प्रमाणे नुकसानीची जबाबदारी येत नाही. मात्र काळजी घेतली होती, हे गॅरेजवाल्याला दाखवून द्यावे लागते.

आपल्या फिक्हमध्येही हा प्रश्न जुनाच आहे. अनेकांचे काम घेणाऱ्या कारागिराला 'अजीर मुश्तरक' म्हणतात. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते हयगय नसेल तर त्याच्यावर भरपाई येत नाही. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) त्याला जबाबदार धरतात. आटोक्यात न येणाऱ्या आगीसारखे संकट तेवढे ते वगळतात. 'अल्लाहची मर्जी' म्हणून हात झटकण्यापूर्वी आपल्याकडून हयगय झाली होती का, हे तपासावेच लागते.

हयगय कोठे होते?

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. म्हणून रंगकाम आणि वेल्डिंग एका छपराखाली एकाच वेळी करू नये. फायबरच्या कामात हार्डनर जास्त पडला तर मिश्रण स्वतःच तापते. जवसाच्या तेलाची फडकी ढिगात टाकली तर तीही आपोआप पेटू शकतात. रात्री जाताना गाडीच्या बॅटरीची तार काढणे आणि मेन स्विच बंद करणे, याला खर्च काहीच नाही. पेठेत तर खाली वर्कशॉप आणि वर बिऱ्हाड, त्यात इमारत लाकडी. येथे हयगय शेजाऱ्याच्या जिवावर बेतते.

विमा कोणाचा, कशाचा?

१ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. पण आगीच्या विम्यात गिऱ्हाइकांच्या गाड्या आपोआप येत नाहीत. त्यांची नोंद वेगळी करून घ्यावी किंवा गॅरेजसाठी असलेल्या 'मोटार ट्रेड इंटर्नल रिस्क' पॉलिसीची चौकशी करावी.

गिऱ्हाइकाच्या गाडीचा विमा आहे, एवढ्यावर विसंबू नये. तो फक्त थर्ड पार्टी असेल तर आगीचा पैसा मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी कंपनी गिऱ्हाइकाला पैसे देऊन ते गॅरेजवाल्याकडून वसूल करू पाहते. शिवाय गाडीत केलेले बदल कंपनीला कळवलेले नसतील तर दावा अडकतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल लक्षात घेता, मूळ रचनेत बदल करणारे काम हाती घेण्यापूर्वी आरटीओची परवानगी पाहावी.

विम्यातील व्याज आणि अनिश्चितता यांमुळे अनेक बांधव त्यापासून दूर राहतात. येथील परिस्थिती पाहून काही उलेमांनी गरज म्हणून परवानगी दिली आहे, तर काहींचे मत वेगळे आहे. ज्याने त्याने आपल्या विश्वासू आलिमांना विचारावे. पण विमा नको असेल तर दुसरी सोय केलीच पाहिजे. मलेशियाने १९८४ मध्ये तकाफुलचा कायदा केला. त्यामागचा विचार सोपा आहे : सर्वांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून उभे करावे. एका भागातील वीस-पंचवीस गॅरेजवाले दरमहा वर्गणी काढून असा मदतनिधी ठेवू शकतात.

आगीनंतरचे आठ दिवस

पंचनामा करून घ्यावा आणि अग्निशमन दलाचा दाखला मागावा. विमा कंपनीला त्वरित लेखी कळवावे. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भंगार हलवू नये. जॉब कार्ड, बिले आणि फोटो यांच्या प्रती घरीही ठेवलेल्या असाव्यात, कारण वर्कशॉपमधली वही वर्कशॉपबरोबरच जळते.

सर्वांत आधी मात्र गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः जावे. फोन बंद ठेवणाऱ्याची गाडीबरोबर पतही जळते. देणे एकरकमी शक्य नसेल तर हप्ते लिहून द्यावेत आणि ते पाळावेत.

समाजाचेही कर्तव्य आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जदाराचा समावेश आहे. आरंभीचे भाष्यकार मुजाहिद (रह.) यांनी घर जळून कर्जात पडलेल्या माणसाचे उदाहरण याच वर्गासाठी दिले आहे. आगीत धंदा गमावून लोकांचे देणे अंगावर आलेला कारागीर हात पसरत नाही, म्हणून तो आपल्या नजरेत येत नाही. त्याला शोधून उभे केले, तर त्याच्या हाताखालची चार घरेही चालतील आणि गिऱ्हाइकाची अमानतही परत होईल.