नवे पाळक, जुने गैरसमज

नाशिकमध्ये ख्रिस्ती धर्मसेवकाला फादर, पाद्री, रेव्हरंड, पास्टर अशी कोणतीही हाक मारली जाते आणि हे सगळे एकाच पदावरचे लोक आहेत असे धरून चालतात. प्रत्यक्षात यामागे निदान तीन वेगळ्या व्यवस्था आहेत. रोमन कॅथलिक धर्मगुरू बिशपांच्या किंवा एखाद्या संन्यस्त संघाच्या अधिकाराखाली असतो आणि अविवाहित राहतो. पुणे धर्मप्रांतातून वेगळा काढलेला कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ पासूनचा आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पाळकावरही बिशप असतात, पण तो संसारी असू शकतो आणि मंडळीचा कारभार पंचकमिटीच्या सल्ल्याने चालवतो. अँग्लिकन काळात १९२९ मध्ये स्थापन झालेला नाशिक धर्मप्रांत १९७० च्या एकीकरणानंतर याच चर्चमध्ये आला. तिसरा गट स्वतंत्र मंडळ्यांचा. तिथे वर कोणी बिशप नसतो, शिक्षणाची एकच अट नसते आणि पुष्कळदा पाळकानेच मंडळी उभी केलेली असते. पंचवटीत पेठ रोडला किंवा आडगाव नाक्याकडे भाड्याच्या हॉलमध्ये उपासना घेणारा तरुण पाळक आणि सेमिनरीतून बाहेर पडलेला सहायक धर्मगुरू यांचे अधिकार व जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत. म्हणून एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

दीक्षा मिळाली की शिक्षण संपले, हा नव्या पाळकांचा स्वतःबद्दलचा पहिला गैरसमज. कॅथलिक चर्चच्या कायद्यात तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचे किमान सहा वर्षांचे शिक्षण, दीक्षेसाठी पंचवीस वर्षे पूर्ण वय आणि त्याआधी काही महिने डीकन म्हणून सेवा अशी अट आहे. एवढे झाल्यावरही दीक्षेनंतर अभ्यास चालू ठेवणे हे कर्तव्य म्हणून वेगळे सांगितलेले आहे. दीक्षा ही लांब सेवेतली एक पायरी असते, शेवट नव्हे, याचे ठळक उदाहरण नाशिकच्या इतिहासात सापडते. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने १८५० च्या दशकात वसवली. गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे आणली जात. त्यांना लिहायला-वाचायला शिकवत आणि सुतारकाम, लोहारकामासारखा एखादा धंदाही हाती देत. त्यांपैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या मिशनमध्ये कामाला गेले. वीसेक वर्षे त्यांनी शाळा चालवल्या, उपदेश केला, माणसे सांभाळली. डीकनपदाची दीक्षा त्यांना मिळाली ती थेट १८८५ मध्ये, बिशप जेम्स हॅनिंग्टन यांच्या हस्ते. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन मारले गेले आणि मागे राहिलेला तांडा किनाऱ्यापर्यंत सुखरूप परत नेला तो नव्याने दीक्षित झालेल्या जोन्स यांनीच. पाळक बाहेरूनच येतात असे नाशिकबद्दल आजही बोलले जाते, पण दीडशे वर्षांपूर्वी या गावात शिकलेली माणसे समुद्रापलीकडे जाऊन पाळक झाली होती.

पाळक फक्त पुरुषच होऊ शकतो हेही सरसकट खरे नाही. कॅथलिक चर्चमध्ये तसा नियम आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना दीक्षा मिळते, आणि दक्षिणेकडच्या चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप नेमले.

उपदेश जितका लांब तितका प्रभावी, ही समजूत नव्या पाळकाला मंडळीपेक्षा स्वतःच्या वहीचीच जास्त काळजी करायला लावते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये धर्मगुरूंना दहा मिनिटांची आणि २०२४ मध्ये आठ मिनिटांची मर्यादा सुचवली. प्रोटेस्टंट उपासनेत उपदेश लांबतो हे खरे. पण तिथेही एका रविवारी एकच मुद्दा पुरतो. भाषेचा प्रश्न याहून मोठा आहे. सेमिनरीतली पाठ्यपुस्तके बहुतेक इंग्रजीत असतात, आणि त्यांतली वाक्ये मराठीत जशीच्या तशी उतरवली की म्हाताऱ्या सभासदांना ती परकी वाटतात. नारायण वामन टिळकांनी हे फार आधी ओळखले होते. त्यांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले, आणि त्यांची पदे मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात. नव्या पाळकाने उपदेश लिहून काढल्यावर घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा. ते जिथे ‘म्हणजे काय?’ विचारतील तिथे वाक्य बदलावे.

सर्वांत महाग पडू शकणारा गैरसमज लग्नाचा आहे. पाळक झाला म्हणजे त्याला लग्ने लावता येतात, असे मंडळी धरून चालते आणि पुष्कळदा पाळकही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याचे कलम ५ वेगळे सांगते. बिशपांच्या हस्ते दीक्षा मिळालेल्याला आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे लग्न लावता येते. म्हणजे कॅथलिक धर्मगुरू आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा पाळक यांना वेगळा परवाना लागत नाही. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला मात्र राज्य सरकारने दिलेला परवाना हवा. तो नसताना लग्न लावणे हा कलम ६८ खाली गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हॉल ठरला, पत्रिका छापल्या, पाहुणे आले आणि नंतर पासपोर्ट किंवा वारसाहक्काच्या वेळी दाखल्यावर प्रश्न आला, तर त्याचा त्रास जोडप्याला होतो आणि जबाब पाळकाला द्यावा लागतो. परवाना नसेल तर जोडप्याला विवाह निबंधकाकडे पाठवावे आणि नंतर मंडळीत प्रार्थनेचा कार्यक्रम करावा. त्यात कमीपणा काही नाही. वधू-वरांच्या वयाचे पुरावे, आधीचे लग्न झालेले असल्यास त्याचा न्यायालयीन निकाल किंवा मृत्यूचा दाखला, दोन साक्षीदार आणि नोंदवहीतल्या सह्या ही कामे पाळकाने स्वतः तपासायची असतात. चर्चने लग्न रद्दबातल ठरवले म्हणजे ते कायद्यानेही संपले, असे नाही. त्यासाठी न्यायालयाचाच निकाल लागतो.

बाप्तिस्म्याबाबतही असाच घोळ होतो. बाप्तिस्मा हा श्रद्धेचा निर्णय असला तरी काही कुटुंबांच्या बाबतीत त्याचा थेट कायदेशीर परिणाम होतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला तो लागू राहत नाही. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही, त्यामुळे पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी कुटुंबाची स्थिती वेगळी असते. हे सगळे विधीच्या आधी सांगणे पाळकाचे कर्तव्य आहे. नंतर दाखल्यासाठी कचेरीत गेल्यावर कळले तर विश्वास तुटतो. मदत आणि बाप्तिस्मा यांची सांगडही कधी घालू नये. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. शाळाप्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला पुरतो ही समजूतही आता जुनी झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे हे पाळकाचे कामच आहे. प्रार्थना सुरू झाली की औषध बंद करायचे, असे मात्र कोणतेही मुख्य चर्च शिकवत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चमत्काराचे प्रयोग दाखवून पैसे मिळवणे, साप किंवा विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखणे हे त्यात गुन्हे आहेत आणि शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. ख्रिस्ती चंगाई सभेला यातून सूट नाही. घरी कोणी रात्र रात्र झोपत नाही, एकटाच बोलतो, जीव द्यायची भाषा करतो असे सांगत आई-वडील पाळकाकडे आले, तर त्यांच्यासोबत बसावे, प्रार्थना करावी आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक अशा वेळी हाताशी हवा.

पाळकाला सांगितलेले सगळे गुप्तच राहते, हा समज अर्धा खरा आहे. कॅथलिक पापनिवेदनाची गुप्तता धर्मगुरूवर पूर्णपणे बंधनकारक आहे. पण वकील आणि अशील यांच्यातल्या संभाषणाला पुराव्याच्या कायद्यात जसे संरक्षण आहे, तसे धर्मगुरूपुढच्या कबुलीला दिलेले नाही. लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ कोणालाही मोकळे सोडत नाही. पोलिसांना कळवावेच लागते आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून समुपदेशनाला बसतानाच नव्या पाळकाने सांगून ठेवावे की मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर गोष्ट इथेच ठेवता येणार नाही. मुलांशी एकट्याने बंद खोलीत बोलू नये. दार उघडे ठेवावे, दुसरे मोठे माणूस नजरेच्या टप्प्यात असावे. संकोचापायी हा नियम मोडणारे थोडे नाहीत.

चर्चची जागा पाळकाच्या ताब्यात असली तरी ती त्याच्या मालकीची नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात चर्चही मोडते. धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून स्थावर मालमत्ता विकता येत नाही, आणि इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. रविवारचे अर्पण दोघांनी मिळून मोजावे, त्याच दिवशी वहीत लिहावे आणि पाळकाने शक्यतो स्वतः मोजायला बसू नये. परदेशी पाहुण्याने मंडळीच्या कामासाठी दिलेली देणगी आपल्या बचत खात्यात भरणे ही नव्या पाळकांची नेहमीची चूक. अशी देणगी घेण्यासाठी संस्थेची विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. पाळकाला प्राप्तिकर लागत नाही, असेही काहींना वाटते. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मगुरू आणि सिस्टरांच्या पगारातून करकपात होणारच, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले आहे.

पंचवटी हे रामाचे क्षेत्र, तिथे ख्रिस्ती पाळकाने मान खाली घालून तरी राहावे नाहीतर वाद तरी घालावा, अशा दोन टोकांच्या समजुती ऐकू येतात. दोन्ही चुकीच्या आहेत. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे माहेर गोदाकाठचे जलालपूर, वडील अत्यंत सोवळे. पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, तरी ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात माहेरच्या माणसांबद्दल कडवटपणा नाही, मिस्कील माया आहे. शेजाऱ्याशी वागण्याचा याहून चांगला धडा नव्या पाळकाला सेमिनरीत मिळणे कठीण. व्यवहारातही लक्ष ठेवावे लागते. सिंहस्थात रामकुंड-तपोवन परिसरातले रस्ते बंद होतात, तेव्हा २०२७ च्या पर्वणीच्या दिवसांत उपासनेची वेळ आणि अंत्यविधीचा मार्ग आधीच ठरवून ठेवावा. ध्वनिक्षेपकाची परवानगी आणि रात्री दहाची मर्यादा सर्वांना सारखीच आहे.

शेवटचा गैरसमज मंडळी प्रेमाने पोसते: पाळकाला सुट्टी नसते आणि त्याच्या बायकोला पगार लागत नाही. टिळक हातचे पैसे गरजवंताला देऊन मोकळे होत आणि घर चालवताना लक्ष्मीबाईंची तारांबळ उडे. वाचताना हसू येते, पण त्या जागी स्वतः उभे राहिल्यावर येत नाही. रविवारची शाळा, महिला मंडळ आणि पाहुण्यांचा चहा पाळकाच्या पत्नीवर आपोआप पडू नये. तिची नोकरी असेल तर तीही मंडळीने मान्य करावी. कॅथलिक कायद्यात धर्मगुरूला वर्षाकाठी एक महिन्याची रजा आहे आणि वार्षिक तपसाधनेचे दिवस त्यात धरत नाहीत. प्रोटेस्टंट मंडळ्यांत आठवड्याची सुट्टी बहुधा सोमवारी घेतात. रुजू होताना पाळकाने पंचकमिटीकडून ती लेखी ठरवून घ्यावी. त्या दिवशी अंत्यविधी आणि रुग्णालयातले बोलावणे सोडून बाकी सगळी कामे मंगळवारी करता येतात.