वाघ जिवंत, तार चालू, आबा हयात

'अॅन अलाइव्ह टायगर' असं पांढरकवड्याकडच्या एका पोरानं वहीत लिहिलं आणि मी लाल पेन उचललं. पोरगं भडकलं. "सर, वाघ जिताच हाये ना, मंग?"

वाघाबद्दल वाद नव्हता, वाद जागेचा होता. इंग्रजीतला 'अलाइव्ह' नामाच्या आधी बसत नाही, क्रियापदामागून येतो: 'द टायगर इज अलाइव्ह'. त्याचं मूळ आहे 'ऑन' आणि 'लाइफ', म्हणजे जगण्यावर असलेला. बोलताबोलता झिजून दोन शब्दांचा एक झाला, पण सवय जुनीच राहिली. 'अस्लीप' त्याच घरचा. झोपलेल्या बाळाला 'अॅन अस्लीप बेबी' म्हणता येत नाही. नामाआधी हवा तर वाघाला 'लाइव्ह', माणसाला 'लिव्हिंग'. मास्तरांना 'लाइव्ह टीचर' म्हणाल तर ते थेट मोबाइलच्या पडद्यावर जाऊन बसतील.

आपला 'जिवंत' असले नखरे करत नाही. जिवंत वाघ, वाघ जिवंत, दोन्ही चालतं. जिवंत वाघीण, जिवंत पिल्लू. लिंग बदला, वचन बदला, हा ढिम्म. मूळ संस्कृत 'जीवन्त', म्हणजे 'जगत असलेला'. श्रावणात भिंतीवर जिचा कागद लावतात ती जिवती याच कुळातली. वऱ्हाडी 'जिता' मात्र नामाप्रमाणे बदलतो: जिता वाघ, जिती वाघीण. दारव्हा असो की दिग्रस, महिनाभर न दिसलेला दोस्त चौकात भेटला की पहिला सवाल हाच, "काबे, जित्ता हायेस का?"

या विशेषणाचा सगळ्यात महागडा वापर आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात झाला. 2018 साली पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात टी-1, म्हणजे अवनी वाघीण, हा एकच विषय होता. तिला आधी बेशुद्ध करून जिवंत पकडायचं, ते जमलंच नाही तर गोळी, असा आदेश होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2 नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीनं मेली. त्यानंतरचा वाद बहुतेक या 'जिवंत' शब्दाभोवतीच फिरला. डिसेंबरात तिचं एक पिल्लू जिवंत पकडून पेंचला नेलं. पुढच्या वर्षी टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ पायी निघाला आणि शेकडो किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यातला रेडिओ कॉलर तो कुठंय ते सांगत होता. खरा 'लाइव्ह टायगर' तो.

पेपरात 'एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त' हे वाक्य इतकं ठरलेलं आहे, की मेलेली काडतुसं कुठं जातात असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. जिवंत तारही पेपरातच. रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावलेल्या तारेला शेतकरी जिवंत म्हणत नाही. "हात नोको लावू, करंट हाये," एवढंच. आणि एक गंमत: बॅटरी मरते, फोन मरतो, पण चार्जिंगला लावल्यावर ते जिवंत होत नाहीत, 'चालू' होतात. झरा मात्र जिवंत असतो. विहीर खोदताना तो लागला की घरात पेढे येतात.

आता हे ऐका. इंग्रजीतला 'क्विक' आज 'झटपट' असला तरी पूर्वी त्याचा अर्थ 'जिवंत' होता. 1611च्या इंग्रजी बायबलात तो त्याच अर्थानं आलाय. भाषाशास्त्राच्या हिशेबानं 'क्विक' आणि आपला 'जीव' चुलतभाऊ. नखाखालच्या नाजूक मांसालाही इंग्रज 'क्विक' म्हणतो. आपण त्याला काय म्हणतो? जिव्हाळी. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना नख कापताना एकाच जागी कळ आली.

तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहा. 'लिव्हिंग सर्टिफिकेटच्या दोन कॉपी द्या' असं कानावर पडेलच. शाळा सोडल्याचा दाखला आपण जिवंतपणीचा करून टाकलाय. खरा जिवंतपणीचा दाखला शेजारच्या आजोबांच्या पिशवीत असतो.

सरकारनं तर 2025 साली कागदालाच जिवंत केलं. 'जिवंत सातबारा' मोहीम बुलढाण्यात सुरू झाली आणि 1 एप्रिलपासून राज्यभर पसरली. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं मेलेल्या बापाचं, आजाचं नाव. त्यामुळे कर्ज अडतं, नुकसानभरपाई अडते. तलाठ्यानं चावडीवाचन करायचं, मयत खातेदारांची यादी करायची, वारसांनी मृत्यूचा दाखला द्यायचा, मग फेरफार. म्हणजे कुणीतरी मेलंय हे सिद्ध झालं की सातबारा जिवंत होतो. या योजनेचं नाव ठेवणाऱ्याला मी मनातल्या मनात दहापैकी दहा गुण दिलेत.

उलटं झालं तर? उत्तर प्रदेशात आझमगडच्या लाल बिहारींना महसुली कागदांनी 1975 ते 1994 मृत ठरवलं होतं. त्यांनी नावापुढेच 'मृतक' लावलं आणि भांडून पुन्हा जिवंत झाले. 2003 साली त्यांना शांततेचा इग नोबेल, म्हणजे नोबेलचा विनोदी अवतार, मिळाला.

आपल्याकडे ही परीक्षा दर नोव्हेंबरात. पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला द्यायचा. 'हयात' मूळचा अरबी, अर्थ आयुष्य. मराठीत येऊन तो विशेषणही झाला आणि बहुतेकदा 'अलाइव्ह'सारखाच मागे बसायला शिकला: आबा हयात आहेत. बैल कितीही लाडका असो, तो हयात नसतो. 2014 पासून हा दाखला ऑनलाइनही निघतो, आता तर मोबाइलसमोर चेहरा धरूनही.

आमच्या आबांना मी घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोरानं मोबाइल तोंडासमोर धरला. पडद्यावर सूचना आली.

"आबा, पापणी मिटवा."

"कायले? मी उभा हाओ ना समोर! तू मले पाहून नाही राहिला का?"

"मी पाहून राहिलो आबा, पण मोबाइलले दिसलं पाहिजे."

आबांनी पापणी मिटवली, उघडली. हिरवी खूण आली. पिशवी उचलता उचलता ते म्हणाले, "पापणी मिटवली त हयात, अन् डोये मिटवले त मयत. लक्षात ठेवजो बे, कोणतं बटन दाबतं ते."