कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो खरे. पण म्हणणाराच बांधावरच्या चार बोटे जमिनीसाठी जन्मभर तारखांना जात असतो! जपानी माणूस मात्र हे पथ्य मुकाट्याने पाळतो. अमेरिकेच्या मानाने तेथे दिवाणी दावे फारच थोडे. असे का?

१९६३ साली ताकेयोशी कावाशिमा या जपानी कायदेपंडिताने सांगितले, की सलोखा मोडून हक्क सांगणे जपान्याच्या स्वभावातच नाही. उत्तर मोठे गोड होते. जगाने ते आवडीने घेतले.

१९७८ साली जॉन हेली या अमेरिकन अभ्यासकाने त्यावर पाणी ओतले. महायुद्धापूर्वी याच जपानात दावे अधिक होत. मग स्वभाव काय मागाहून आला? खरी अडचण सोयीची. न्यायाधीश थोडे, वकील थोडे. न्यायाधीश नि वकील ज्या परीक्षेतून निवडले जात, तीत १९९० पर्यंतची पंचवीसएक वर्षे साली जेमतेम ५०० उमेदवार उत्तीर्ण होत.

मला हेलीचे म्हणणे पटते. मिनामाताचेच पाहा ना. कारखान्याच्या पाऱ्याने तेथील कोळ्यांची घरे उद्ध्वस्त झाली. १९५९ साली ‘सांत्वनाचे’ पैसे हाती ठेवून, पुढे कारखाना दोषी ठरला तरी अधिक मागणार नाही, असे त्यांच्याकडून लिहून घेतले. दहा वर्षे सलोखा टिकला! १९६९ साली काही कुटुंबे अखेर कोर्टात गेली. १९७३ साली कुमामोतोच्या न्यायालयाने तो करारच रद्दबातल ठरवला.