अश्वगंधेचे शत्रू आणि मित्र

द्रव्याच्या शुद्धतेचा विचार आपण बहुधा ते औषधालयात आल्यावर करतो. वास्तविक तो शेतापासूनच सुरू व्हावयास हवा. अश्वगंधेचेच उदाहरण घेऊ. मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर परिसरात मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या या पिकाची पाने ‘एपिलॅक्ना’ भुंगेरा खातो. त्याच्या निस्तेज तांबूस पाठीवर २८ काळे ठिपके असतात. त्याच्या पिवळ्या, काटेरी अळ्या पाने खरवडून केवळ जाळी शिल्लक ठेवतात. पाने गेली की मुळाचे पोषण खुंटते, आणि आपण वापरतो ते मूळच.

याच कुळातील सात ठिपक्यांचा चकचकीत लाल भुंगेरा मात्र मावा खाऊन पिकाचे रक्षण करतो. दोघांस एकच समजून विषारी फवारणी केल्यास मित्रही मरतो आणि मावा पुन्हा बळावतो.

एपिलॅक्नालाही निसर्गाने शत्रू दिला आहे. ‘पेडियोबियस’ ही सूक्ष्म गांधीलमाशी त्याच्या अळीत अंडी घालते. आतील पिल्ले अळीस पोखरतात व ती तपकिरी होऊन मरते. अशा मृत अळ्या पानावरच राहू द्याव्यात; त्यांतूनच नव्या माश्या बाहेर पडतात. भुंगेऱ्याचे अंडीपुंज मात्र हाताने वेचून नष्ट करावेत.

औषधनिर्मात्यांनी खरेदीपूर्वी फवारणीची माहिती विचारावी, कीटकनाशकाचा अंश तपासून घ्यावा व निर्विष मालास वाजवी भाव द्यावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. निदानापूर्वी चिकित्सा करू नये, हा आपला नियम शेतासही लागू आहे.