पेट्रोलचा कांटा खोटें कां सांगतो?

इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें १९६२ ते १९८० या काळांत तयार झालेली ‘एम. जी. बी.’ ही छोटेखानी वेगवान मोटार शौकीन लोक आजही जिवापाड जपतात. इंजिन ठणठणीत, रंग झळाळता. पण पुढच्या फळीवरील पेट्रोलचा कांटा टांकी अर्धी असतां ‘रिकामी’ म्हणतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे टांकी कोरडी पडत आली तरी ‘अर्धी’ म्हणतो. असा खोटा साक्षीदार मालकास अपरात्रीं आडरस्त्यावर उभा करतो. मग नवा मापक विकत आणला जातो आणि दोष जागच्या जागीं राहतो. कारण पुष्कळदां तो मापकांत नसतोच.

टांकींत एक पोकळ तरंगी असते. पेट्रोल उतरलें कीं ती खालीं जाते व तिच्या दांड्याचें टोंक बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतें. टांकी भरलेली असतां विजेच्या वाटेंतील रोध थोडा, रिकामी असतां सुमारें २५० ओहम. रोध वाढला कीं प्रवाह घटतो. अगदीं प्रारंभींच्या गाड्या सोडल्यास, हा प्रवाह मापकांतील दोन धातूंच्या जोडपट्टीस तापवितो. पट्टी वांकते आणि कांटा हलतो. तो सावकाश चढतो हा त्याचा आळस नव्हे, गुणच होय. वळणावर पेट्रोल हिंदकळलें तरी तो डगमगत नाहीं.

बॅटरीचा दाब मात्र कमीजास्त होतो. म्हणून मध्यें एक स्थिरक बसविलेला असतो. तो क्षणोक्षणीं प्रवाह जोडून-तोडून सरासरी १० व्होल्ट राखतो. याची गाडीच्या धातूशीं असलेली जोडणी तुटली, तर प्रवाह तुटतच नाहीं आणि कांटा वाजवीपेक्षां वर जातो. ज्या गाडींत पाण्याच्या उष्णतेचा मापकही याच स्थिरकावर चालतो, तेथें दोन्ही कांटे एकदम चुकूं लागले कीं संशय प्रथम स्थिरकावर घ्यावा.

एकटा पेट्रोलचाच कांटा चुकत असेल तर टांकीकडे वळावें. तेथून येणारी काळ्या रेघेची हिरवी तार सोडवावी; कांटा ‘रिकामी’वर उतरला पाहिजे. न उतरल्यास ती तार वाटेंत कोठें तरी धातूस घासत आहे. मग तीच तार तीसएक ओहमच्या रोधांतून गाडीच्या धातूस जोडावी. थेट जोडूं नये. अशानें मापक जळण्याचा संभव असतो. अर्ध्या मिनिटांत कांटा ‘भरली’जवळ आला, तर मापक व तार निर्दोष ठरतात.

आतां उरली टांकी. गंजामुळें टांकीची गाडीच्या सांगाड्याशीं जोडणी सुटलेली असते, हा फार जुना रोग! टांकीपासून स्वच्छ खरवडलेल्या धातूपर्यंत एक वेगळी तार ओढून पाहावी. कित्येकदां दुरुस्ती एवढ्यावरच संपते.

तसें न झाल्यास तरंगी बाहेर काढणें आलें. ती टांकीच्या बाजूस असल्यानें आधीं पेट्रोल उपसावें लागतें. बॅटरी प्रथम सोडवावी, काम उघड्यावर करावें, विडीकाडी दूर ठेवावी. तरंगी कानाशीं हलवावी. आंत पेट्रोल डुचमळलें तर तिला भोंक पडलें आहे व ती बुडून राहते. तिला डाग देण्याच्या मोहांत पडूं नये, आंतील वाफेचा भडका उडतो. नवी तरंगी बसवितांना रबरी कडेंही नवेंच घालावें, आणि टांकी भरल्यावर तें ठिकाण बोटानें चांचपून ओल नाहीं ना तें पाहावें.